दुकान फुटलंय, पण सांगायचं नाही!

लंच टाइम. एका हातात पोळीभाजीचा रोल, दुसऱ्या हातात मोबाइल. परदेशातल्या एका छोट्याशा ऑनलाइन दुकानात तुम्हाला हवे होते अगदी तसेच शूज सापडतात. वर सेल! कार्डाचा नंबर टाकला, एक्स्पायरी डेट टाकली, मागचे तीन आकडे टाकले. झालं. पार्सल वेळेवर येतं, साइजही बरोबर निघते. आणि दोनेक महिन्यांनी पहाटे तीनला एसएमएस... कुठल्यातरी अनोळखी देशात तुमच्या कार्डावर खरेदी झालीये!

कार्ड तर पाकिटातच आहे. मग नंबर गेला कुठून? शूजवाल्याचा संशयसुद्धा येत नाही. त्याने बिचाऱ्याने माल नीट पाठवला होता ना!

गल्ल्याशेजारचा अदृश्य माणूस

खरी मेख इथेच आहे. या चोरीला ऑनलाइन स्किमिंग म्हणतात. दुकानाचं सॉफ्टवेअर वेळच्या वेळी अपडेट केलेलं नसतं. चोर तिथून आत शिरतो आणि पैसे भरायच्या पानावर जावास्क्रिप्टच्या काही ओळी चिकटवून निघून जातो. तुम्ही जे टाइप करता त्याची एक कॉपी दुकानदाराकडे, एक चोराकडे. दुकान चालू, धंदा चालू, गिऱ्हाईक खूश. म्हणूनच ही चोरी महिनोन् महिने कुणाच्या लक्षातच येत नाही.

ती लक्षात आणून दिली हॉलंडच्या विलेम डे ग्रूट या सिक्युरिटी संशोधकाने. नोव्हेंबर २०१५ मध्ये त्याने जगभरातली सुमारे २,५५,००० ऑनलाइन दुकानं तपासली. त्यातल्या ३,५०१ दुकानांत असा चोरटा कोड सापडला. दहा महिन्यांनी पुन्हा तपासणी केली, तर आकडा ५,९२५! त्यातली ७५४ दुकानं तर पहिल्या यादीतलीच होती. म्हणजे चोर तिथे जवळजवळ वर्षभर मुक्कामाला होता.

त्याने दुकानदारांना कळवलं. उत्तरं काय आली? एकाचं म्हणणं, पेमेंट दुसरी कंपनी बघते, आमचा काय संबंध? दुसरा म्हणाला, आमच्याकडे एचटीटीपीएस आहे, आम्ही सेफ! अहो, एचटीटीपीएस म्हणजे घरापासून दुकानापर्यंतच्या रस्त्यावरचा बंदोबस्त. चोर गल्ल्याशेजारीच बसला असेल, तर तो बंदोबस्त काय कामाचा?

नोटीस बोर्डावरचा कागद

शेवटी ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याने दुकानांची यादीच जाहीर केली. ठेवली कुठे? गिटहबवर. हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंतच्या आयटीवाल्यांना हे नाव नव्याने सांगायला नको. गिटहबने यादी काढून टाकली. त्याने ती गिटलॅबवर नेली. तिथूनही काढली गेली! दुबळ्या दुकानांची नावं अशी चव्हाट्यावर मांडणं त्यांना पटेना.

म्हणजे बघा, सोसायटीच्या नोटीस बोर्डावर कुणी लिहिलं, ‘खालच्या दुकानात पाकीट सांभाळा, खिसे कापले जातात.’ आणि सेक्रेटरीने खिसेकापूला सोडून तो कागदच फाडला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय?

पण थांबा, सेक्रेटरीचंही ऐकून घेऊ. अशा कंपन्यांना वकिलाच्या नोटिशीची धास्ती असते. शिवाय कुठल्या घराची कडी कच्ची आहे याची यादी लावली, तर ती चोरही वाचणारच. हा मुद्दा अगदीच फालतू नाही. मार्च २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरवर जगभर हल्ले सुरू असताना एका संशोधकाने त्या हल्ल्याचं चालणारं प्रात्यक्षिकच गिटहबवर टाकलं. गिटहबने ते काढलं. गिटहब मायक्रोसॉफ्टच्याच मालकीचं असल्यामुळे वाद पेटला, आणि जूनमध्ये त्यांना अशा संशोधनाबद्दलचे नियम स्पष्ट करावे लागले.

पण दोन्हींत फरक आहे, बॉस. कडी कच्ची आहे हे जगाला सांगणं वेगळं आणि चोर आत बसलाय हे गिऱ्हाइकाला सांगणं वेगळं. पहिल्यात गप्प राहिल्याने कदाचित चोरी टळते. दुसऱ्यात गप्प राहिल्याने ती चालूच राहते.

गिटलॅबला हे लवकरच उमगलं. टीका होताच कंपनीचे तेव्हाचे प्रमुख सिड सायब्रँडी यांनी माफी मागितली आणि यादी परत लावली. दुकानदाराच्या अडचणीपेक्षा ग्राहकाचं हित मोठं, हा त्यांचा खुलासा होता. आणि यादीचा परिणाम? काही दिवसांतच शेकडो दुकानांनी आपापली साफसफाई उरकली. जे पत्रांनी झालं नाही, ते बदनामीच्या भीतीने झालं!

हे फक्त छोट्या दुकानांचं दुखणं आहे असं समजू नका. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या साइटवर अशाच जेमतेम २२ ओळी सापडल्या. दोन आठवड्यांत सुमारे ३,८०,००० व्यवहारांना फटका बसल्याचं कंपनीने तेव्हा जाहीर केलं. २०२० मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी दोन कोटी पौंडांचा दंड ठोठावला.

मग आपण काय करायचं?

आपल्याकडे ओटीपीची ढाल आहे. पण बऱ्याच परदेशी साइट्सचं काम नुसत्या नंबरावर आणि सीव्हीव्हीवर भागतं. तेव्हा एवढं कराच:

• बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचे इंटरनॅशनल व्यवहार बंद ठेवा. लागेल तेव्हाच चालू करा.

• ऑनलाइन खरेदीची लिमिट कमी ठेवा.

• परदेशी खरेदीसाठी एकच कार्ड ठेवा, तेही कमी लिमिटचं.

• अनोळखी व्यवहाराचा एसएमएस आला, की आधी कार्ड ब्लॉक करा, लगेच बँकेला कळवा आणि १९३० वर तक्रार करा. ‘सोमवारी बघू’ म्हणू नका.

आणि तुम्ही स्वतःच एखाद्या कंपनीची साइट सांभाळत असाल, तर एक विनंती. उद्या कुणी अनोळखी माणूस मेल करून म्हणाला, ‘तुमच्या दुकानात चोर शिरलाय,’ तर त्याच्यावर वकील सोडू नका. आधी गल्ल्याशेजारी कोण बसलंय ते बघा.