उघडतानाच मोठी हो!

शाळेच्या वाचनालयातला संगणक सकाळी सुरू केला की त्यानं आपणहून ‘आजचा सुविचार’ दाखवावा, तोही पडदा भरून! माऊसला हात लावायचा नाही, कुठं क्लिक करायचं नाही. जमेल असं? जमेल की! करायला अगदी सोपं आहे आणि करताना पडद्यामागं जे घडतं ते तर फारच सुंदर आहे.

आधी कृती करून टाकू. विंडोज १० असलेला संगणक हवा. शाळेतला असेल तर सरांना किंवा बाईंना विचारून घ्या. नोटपॅडमध्ये सुविचार लिहा, फॉरमॅट मेनूत जाऊन फॉन्ट चांगला ७२ आकाराचा करा आणि फाइल डेस्कटॉपवर सेव्ह करा. सेव्ह करताना खाली एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे ना, ते बघा, नाहीतर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं उरतील. आता त्या फाइलवर राइट क्लिक करून तिचा शॉर्टकट बनवा. मग शॉर्टकटवर राइट क्लिक करा आणि यादीत सगळ्यात खाली असलेलं प्रॉपर्टीज उघडा. तिथं ‘रन’ नावाचा रकाना आहे. त्यात तीन पर्याय मिळतात : नॉर्मल विंडो, मिनिमाइझ्ड आणि मॅक्सिमाइझ्ड. आपल्याला मॅक्सिमाइझ्ड हवं. ओके करा.

आता विंडोजचं चिन्ह असलेली की आणि आर एकदम दाबा. छोटी चौकट येईल. तिच्यात रोमन लिपीत ‘शेल’, मग विसर्गासारखी दोन टिंबं, मग ‘स्टार्टअप’ असं जागा न सोडता लिहा आणि एंटर दाबा. एक फोल्डर उघडेल. शॉर्टकट त्यात ओढून टाका. झालं! संगणक पुन्हा सुरू करून बघा.

मूळ फाइलच त्या फोल्डरमध्ये टाकली असती तर? तीही उघडली असती, पण मोठी झाली नसती. कारण ‘मोठी हो’ ही सूचना फाइलमध्ये नसते, नोटपॅडमध्येही नसते. ती असते शॉर्टकटमध्ये.

शॉर्टकट म्हणजे नुसतं बाण काढलेलं चित्र नव्हे बरं का. तीसुद्धा एक फाइल असते, अगदी चिमुकली. तिचे पहिले ७६ बाइट म्हणजे तिचं डोकं. पहिल्याच बाइटमध्ये ७६ हाच आकडा लिहिलेला असतो, म्हणजे आपलं डोकं किती लांब आहे हे ती आल्याआल्या सांगून टाकते! आणि ६१व्या बाइटवर असतो आपल्या कामाचा आकडा. नॉर्मल निवडलं तर तिथं १, मॅक्सिमाइझ्ड निवडलं तर ३.

मग मिनिमाइझ्डसाठी २ असणार, असं वाटलं ना? नाही, तिथं ७ असतो! विंडोजच्या यादीत २ आहे, पण त्याचा अर्थ ‘लहान हो आणि कीबोर्डही तुझ्याकडे घे’ असा होतो. ७चा अर्थ ‘लहान हो, पण कुणाच्या कामात लुडबुड करू नकोस’. तुम्ही निबंध टाइप करताय आणि तेवढ्यात मागं दुसरा प्रोग्राम सुरू झाला, तर तुमचा कीबोर्ड मध्येच हिसकावला जाऊ नये, याची काळजी त्या एका आकड्यात घेतलेली आहे. हे ज्यांनी सुचवलं त्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

आता हा ३ नोटपॅडपर्यंत पोचतो कसा? तुम्ही बटण दाबता तेव्हा संगणकाची कामाची मेमरी कोरी असते. मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये कायमचा राहणारा छोटा प्रोग्राम आधी जागा होतो, डिस्क शोधतो आणि विंडोजला मेमरीत आणायला सुरुवात करून देतो. मग विंडोजचा गाभा, मग तुमचं लॉगिन, मग डेस्कटॉप आणि टास्कबार दाखवणारा एक्सप्लोरर. हा एक्सप्लोरर आपला स्टार्टअप फोल्डर चाळतो. शॉर्टकट सापडला की त्यातला ३ वाचतो आणि नोटपॅड सुरू करायला सांगताना तो आकडा सोबत चिठ्ठीसारखा धाडतो. नोटपॅड जागं होतं आणि आपली खिडकी तयार करतं. ती आधी अदृश्य असते! चिठ्ठीतला आकडा वाचून मगच ते विंडोजला म्हणतं, “दाखव आता, ३ नंबरनं.”

चिठ्ठी वाचणं प्रोग्रामच्या मर्जीवर असतं. काही प्रोग्राम ती वाचतच नाहीत आणि गेल्या वेळी बंद होताना खिडकी जेवढी होती तेवढीच पुन्हा उघडतात. असा प्रोग्राम भेटला तर शॉर्टकटमध्ये कितीही वेळा मॅक्सिमाइझ्ड निवडा, उपयोग नाही. त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये काही सोय आहे का ते बघावं लागतं.

‘पूर्ण मोठी’ म्हणजे केवढी, हे कोण ठरवतं? समजा पडदा १९२० बाय १०८० पिक्सेलचा आहे. विंडोज १०चा टास्कबार नेहमीच्या आकारात ४० पिक्सेल उंच असतो. उरली १०४० पिक्सेलची उंची. पण मोठ्या केलेल्या नोटपॅडच्या खिडकीचं माप विंडोजला विचारलं तर उत्तर येतं १९३६ बाय १०५६. पडद्यापेक्षाही रुंद! कारण खिडकीला चारही बाजूंनी ८-८ पिक्सेलची चौकट असते, कोपरा धरून ताणायला. पूर्ण मोठ्या खिडकीला ताणायचं काय? म्हणून विंडोज ती चौकट हद्दीबाहेर सरकवून लपवून टाकतं. टास्कबार मात्र तसाच दिसत राहतो. तोही नको असेल तर ती वेगळी गोष्ट, फुल स्क्रीन. ब्राउझरमध्ये एफ-११ दाबून बघा.

खिडक्यांचं हे सगळं सुरुवातीपासून असं नव्हतं. १९८५ साली आलेल्या पहिल्या विंडोजमध्ये प्रोग्रामच्या खिडक्या फरशांसारख्या शेजारी-शेजारीच बसायच्या, एकमेकींवर चढायच्या नाहीत. १९८७च्या दुसऱ्या विंडोजमध्ये त्या एकमेकींवर येऊ लागल्या. सुरुवातीलाच काय उघडायचं, हे तेव्हा एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहावं लागे. एका ओळीत लिहिलेले प्रोग्राम चिन्ह होऊन खाली बसत, दुसऱ्या ओळीतले खिडकी उघडून येत. १९९२च्या विंडोज ३.१मध्ये स्टार्टअप नावाचा गटच मिळाला. आपला फोल्डर त्याचाच वारसदार.

सुविचार रोज बदलायला शॉर्टकटला हात लावू नका, फक्त मूळ फाइलमधला मजकूर बदला. आता आणखी एक शॉर्टकट बनवा, पेंटचा चालेल. त्याला मिनिमाइझ्ड निवडा, त्याच फोल्डरमध्ये टाका आणि संगणक पुन्हा सुरू करा. ३ आणि ७ एकाच वेळी कामाला लागले की कोण कुठं जातं ते बघा.