शिरोरेषेला पुरणारी जाळी

महाडच्या छापखान्यांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा डोळ्यांसमोर ऑफसेटची यंत्रं होती. रमले मात्र बाजारपेठेतल्या एका लहानशा गाळ्यात, लाकडी चौकटीवर ताणलेल्या जाळीपाशी. महाड-पोलादपूरच्या गावांतल्या लग्नपत्रिका, गावकीच्या क्रिकेट संघांचे टी-शर्ट, कापडी पिशव्या, २० मार्चला चवदार तळ्यावर जाणारे निळे झेंडे, ६ जूनला रायगडावर चढणारे भगवे, हे सगळं इथे स्क्रीन प्रिंटिंगनेच उतरतं.

या छपाईचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी १९०७ मध्ये रेशमी पडद्यातून छापण्याचं पेटंट घेतलं. पीठ चाळायला गिरण्यांत जे तलम रेशमी कापड वापरत, तेच या कामी आलं. आता ते पॉलिएस्टरचं असतं, तरी दुकानात मागताना ‘बोल्टिंग क्लॉथ’च म्हणतात.

गाळ्यातले काका साठीच्या पुढचे. गिऱ्हाईक आलं की रंगांचं कार्ड पुढे करत नाहीत. “कशावर छापायचंय? आणि मजकूर दाखवा आधी,” एवढंच म्हणतात. त्या दोन उत्तरांवर जाळी ठरते आणि जाळीवर पुढचं सगळं.

जाळीचा आकडा म्हणजे एका सेंटीमीटरमधले धागे. कापडाला ४३ टी, कागदाला १२० टी, हा ढोबळ हिशेब. ४३ टीचं भोक साधारण दीडशे मायक्रॉनचं, १२० टीचं पन्नासच्या आसपास. एका ओढीत ४३ टीतून जवळजवळ तिप्पट शाई खाली उतरते. निळ्या झेंड्यावर पांढरी अक्षरं हवीत तर खादी शाई लागते. ती दाट आणि भरड असते. बारीक जाळीत ती अडकते, भोकं बुजतात आणि जी थोडी उतरते तिच्यातून खालचा निळा डोकावतो. पत्रिकेसाठी झेंड्याची भरड जाळी घेतली तर शाई कागदावर पसरते आणि ‘चि. सौ. कां.’ मधला अनुस्वार सरळ शिरोरेषेला जाऊन चिकटतो.

काकांनी मला भिंग दिलं आणि एकच नाव दोनदा छापलेला कागद पुढे ठेवला. वरच्या नावाची शिरोरेषा कडेला करवतीसारखी दातेरी, खालच्या नावाची स्वच्छ. शाई तीच, जाळीही तीच, १२० टी. फरक होता तो पॉझिटिव्ह, म्हणजे मजकुराची पारदर्शक फिल्म, जाळीवर कसा ठेवला याचा. जाळीचे धागे उभे-आडवे असतात. छापायची आडवी रेघ त्यांना जवळपास समांतर, पण केसभर तिरकी पडली, की ती एका धाग्यावरून दुसऱ्यावर पायरी-पायरीने उतरते. म्हणून काका पॉझिटिव्ह वीसेक अंशांनी तिरका लावतात. त्यासाठी चौकट मोठी घ्यावी लागते, जाळी वाया जाते, दर मात्र तोच राहतो. रोमन अक्षरांत आडव्या रेघा तुटक असतात, तिथे हा दोष फारसा नजरेत भरत नाही. आपल्याकडे प्रत्येक शब्दाच्या माथ्यावर सलग रेघ. जाळी विकणाऱ्यांच्या तक्त्यात शाई असते, कापड असतं, शिरोरेषा नसते. ती ज्याची त्याने सांभाळायची. गाळ्यात जे पाहिलं त्यात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे.

पांढऱ्या जाळीऐवजी पिवळी घेण्यामागेही असाच विचार आहे. एक्सपोजच्या वेळी, म्हणजे पॉझिटिव्हमधून जाळीवर उजेड टाकताना, पांढऱ्या धाग्यांवरून उजेड आडवा फाकतो आणि बारीक रेघा खातो. पिवळा धागा तो उजेड अडवतो, पण वेळ जास्त द्यावा लागतो.

आता कोकणातला पाऊस. रायगडाच्या झेंड्यांची घाई आणि मृगाच्या सरी एकदमच येतात. जाळीवर ओढलेलं इमल्शन, म्हणजे उजेडाने कडक होणारा लेप, हाताला कोरडं लागतं, आत ओल असते. तसंच एक्सपोज केलं तर ते नीट कडक होत नाही आणि धुताना अक्षरांसकट वाहून जातं. लाकडी चौकटी फुगतात, पिळतात. नायलॉनची जाळी ओल पिते आणि सैलावते, म्हणून इथे पॉलिएस्टरच चालते. सैल जाळी स्क्वीजीच्या रबरी पट्टीमागून झटकन उचलली जात नाही, छाप फिसकटते. ताण न्यूटनमध्ये मोजणारं यंत्र मिळतं. काका टिचकी मारतात, आवाज ऐकतात, आणि अंधाऱ्या कपाटात पंखा लावून स्क्रीन रात्रभर आडव्या ठेवतात.

जुलै २०२१ च्या पुरात सावित्री आणि गांधारीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा गाळ्यातल्या जुन्या चौकटी गेल्या. मंडळांची, देवस्थानांची वर्षानुवर्षांची अक्षरं त्यांवर होती. नव्या बनवायला गिऱ्हाईक थांबत नाही. फ्लेक्स आणि डिजिटल प्रिंट संध्याकाळपर्यंत हातात मिळतं. दहा-वीस नगांच्या कामाला तेच परवडतं, हे काकाही मान्य करतात. गडद कापडावर दाट पांढरं, तेही शेकड्याने हवं असेल, तेव्हाच स्क्रीन स्वस्त पडते.

जे तरुण या धंद्यात येतात ते ताणून तयार आलेल्या ॲल्युमिनियमच्या चौकटी पार्सलने मागवतात. चौकट टिकाऊ, ताणही चांगला, पण आत कोणती जाळी आहे ते विकणाऱ्याच्या हाती. काही जण धागे इंचावर मोजतात, काही सेंटीमीटरवर. फोनवर नुसतं ‘एकशेवीस’ सांगितलं आणि समोरच्याने इंचावर धरलं, तर येते ती सेंटीमीटरला सत्तेचाळीस धाग्यांची, म्हणजे पत्रिकेसाठी मागवली आणि झेंड्याची आली. पार्सल उघडल्यावर ते कळायला भिंग लागतं, आणि भिंग धरून धागे मोजायला शिकवणारं माणूस लागतं. पोलादपूरहून एक मुलगा अधूनमधून काकांकडे येतो. सध्या तो फक्त जाळी ताणायला शिकतोय. पॉझिटिव्ह तिरका लावायचं काम काकांनी अजून त्याच्या हातात दिलेलं नाही.