रिकामं आसन

धानाच्या बांध्यांमधून माणसं घरी परततात, गुरं गोठ्यात जातात आणि अंधार पडता पडता समाजमंदिरासमोर सतरंज्या अंथरल्या जातात. पवनी, लाखांदूर, साकोली, लाखनी, मोहाडी, तुमसर... भंडारा जिल्ह्याच्या कुठल्याही तालुक्यात हे दृश्य कुणाला नवं नाही. समोर एक आसन मांडलेलं असतं, त्यावर स्वच्छ पांढरं वस्त्र. माणसं रांगेनं, ताठ बसतात. एकजण प्रार्थना सांगतो, बाकीचे मागून म्हणतात. मधे काही क्षण सगळे गप्प. मग राष्ट्रवंदना, आणि उठता उठता गावच्या नालीपासून पोरांच्या परीक्षेपर्यंतच्या गोष्टी. बाहेरच्या माणसाला हे भजनी मंडळ वाटेल. पण इथे पुजारी नाही, दक्षिणा नाही, नैवेद्य नाही आणि मूळ पद्धतीप्रमाणे आसनावर मूर्तीही नाही. हीच श्री गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना.

हे आसन रिकामं का, याचं उत्तर सोपं आहे. ज्याला जो देव दिसतो त्याला तो तिथे दिसावा. ज्याला कोणताच आकार मान्य नाही, त्यालाही शेजारी बसता यावं. धर्माधर्मांच्या संवादावर जगभर ढीगभर ग्रंथ निघाले. त्यांतला अवघड प्रश्न, एकत्र बसायचं तर कुणासमोर बसायचं, या आसनानं एका पांढऱ्या कापडावर सोडवला.

ही युक्ती मांडणारे तुकडोजी महाराज शाळा फार थोडी शिकले होते. जन्म ३० एप्रिल १९०९, अमरावती जिल्ह्यातलं यावली. मूळ नाव माणिक, वडील बंडोजी, गुरू वरखेडचे आडकोजी महाराज. लहानपणापासून रानावनात हिंडणं, हातात खंजिरी आणि भजन असं की हजारोंचा जमाव एका तालावर डोलावा. १९३५ साली त्यांनी नागपूर-अमरावती रस्त्यावर मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला. पुढच्याच वर्षी गांधीजींच्या निमंत्रणावरून ते सेवाग्रामला गेले आणि महिनाभर राहिले.

सेवाग्रामचा मुक्काम इथे महत्त्वाचा आहे. तिथल्या आश्रमात गांधींची प्रार्थना उघड्या मैदानात, वाळूवर व्हायची. पुढे तिच्यात गीतेच्या बरोबरीनं कुराणातल्या आयती आल्या, पारशांच्या धर्मग्रंथातला पाठ आला आणि सुरुवातीला एका जपानी भिक्खूमुळे आलेला बौद्ध मंत्रही आला. प्रत्येक धर्मातून एकेक वेचा घेऊन गुंफलेली ती माळ होती. तुकडोजी महाराजांची प्रार्थना वेगळ्या वाटेनं गेली. त्यांनी निरनिराळ्या ग्रंथांतले वेचे जोडत बसण्यापेक्षा साध्या हिंदीत सगळ्यांना म्हणता येईल अशी स्वतःच रचना केली. अमुक वाक्य अमक्याच्या धर्मातलं, असा हिशेबच उरला नाही. माझ्या मते खेड्यासाठी हीच पद्धत जास्त चालणारी होती. अरबी उच्चार चुकेल या भीतीनं धुऱ्यावरचा माणूस तोंडच उघडणार नाही. सोपी हिंदी मात्र तो बिनधास्त म्हणतो.

मूर्तीविना प्रार्थना मराठी माणसाला तशी नवी नव्हती. ३१ मार्च १८६७ रोजी मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला. त्याच्या गिरगावच्या मंदिरातही मूर्ती नाही. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं तिथे तुकोबांच्या अभंगांवर प्रवचनं करत. याच समाजाच्या वर्तुळातले बी. बी. नगरकर १८९३ च्या शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत बोलले होते. 

या समाजाच्या विचाराची खरी जागतिक ओळख पुढच्या पिढीत झाली. मे १९०० मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनला युनिटेरियन मंडळींनी उदार धर्ममताच्या लोकांची एक आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन केली. एकेश्वरवादी ख्रिस्ती, ब्राह्मो, प्रार्थनासमाजी, असे जे कुणी विवेकाला धरून धर्म मानतात, त्यांनी एकमेकांना ओळखावं, हा हेतू. आज ती संस्था धार्मिक स्वातंत्र्याची आंतरराष्ट्रीय संघटना म्हणून ओळखली जाते. तिची दुसरी परिषद सप्टेंबर १९०३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला भरली. हिंदुस्थानातल्या उदार धर्मावर तिथे निबंध वाचणारा तिशीतला तरुण मराठी होता. जमखंडीचे विठ्ठल रामजी शिंदे. युनिटेरियनांच्या शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात दोन वर्षं तुलनात्मक धर्माचा अभ्यास करून ते तिथे पोचले होते.

शिंदे परतले, प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले आणि तीनच वर्षांनी, १८ ऑक्टोबर १९०६ रोजी, मुंबईत परळ भागात अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा उघडून त्यांनी भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी सुरू केली. अ‍ॅमस्टरडॅमला कितीजणांनी निबंध वाचले असतील. त्या सभागृहातून निघून थेट अस्पृश्य वस्तीत शाळा काढायला गेलेले शिंदे मला त्या परिषदेची सगळ्यांत मोठी कमाई वाटतात. प्रार्थना समाज मात्र शहरातल्या शिकलेल्यांचाच राहिला. वैनगंगेच्या काठी तो पोचला नाही. विचार तिथवर यायला खंजिरी लागली.

शिंद्यांचा आणि तुकडोजींचा थेट धागा मी जोडत नाही. पण दोघांना पडलेला प्रश्न एकच होता आणि दुसऱ्यानं तो गावच्या चौकात सोडवायचा ठरवलं. महाराजांची ग्रामगीता १९५५ साली छापून निघाली. ४१ अध्याय, ४६७५ ओव्या. ग्रामसफाई, आरोग्य, लग्नातला खर्च, महिलांची उन्नती, सणवार, सगळं तिच्यात आहे. त्यात एक अध्याय सामुदायिक प्रार्थनेचा आहे आणि दुसऱ्याचं नाव ‘प्रार्थना व विश्वधर्म’. खेड्यातल्या माणसापुढे विश्वधर्म हा शब्द ठेवताना त्यांना संकोच वाटला नाही. शौचाचे खड्डे कसे खणावेत हे ज्या ग्रंथात आहे, त्यातच विश्वधर्मही आहे. वाचणाऱ्याला त्याचं आश्चर्य वाटत नाही. पहाटेची रामधूनही अशीच. गाणं म्हणत गावातून फिरायचं आणि जाता जाता रस्ते झाडायचे.

त्याच १९५५ साली महाराज जपानला विश्वधर्म व विश्वशांती परिषदेसाठी गेले. देशोदेशीचे धर्माचार्य भाषणं करत असताना हा माणूस खंजिरी घेऊन भजन म्हणाला. अ‍ॅमस्टरडॅमला शिंदे निबंध घेऊन गेले होते, जपानला तुकडोजी ताल घेऊन गेले. बावन्न वर्षांत मराठी माणसाच्या हातातलं साधन बदललं होतं.

आता अडचणीचं बोलू. १९५४ साली भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि हरले. १९५५ साली ग्रामगीता आली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि या जिल्ह्यातल्या कितीतरी वस्त्या त्यांच्यामागे गेल्या. लागोपाठची ही तीन वर्षं एकत्र ठेवली की सतरंजीची मर्यादा दिसते. ग्रामगीतेत दलितसेवेचा अध्याय आहे, महाराज अस्पृश्यतेवर आयुष्यभर कडाडून बोलले. तरी ज्याला शेकडो वर्षं देवळाबाहेर उभं केलं, त्याला आता “ये, बस” म्हटलं की तो लगेच येऊन बसेलच असं नाही. त्याला आधी स्वतःचं घर हवं होतं, ते त्यानं बांधलं. आज अनेक गावांत संध्याकाळी एकीकडे प्रार्थना चालते आणि दुसरीकडे विहारात वंदना. आवाज एकमेकांना ऐकू येतात. मला यात भांडण दिसत नाही, पण एकत्र बसणंही दिसत नाही.

दोन श्रद्धा एकाच जागी असल्याचा पवनीला तर जुनाच दाखला आहे. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये भारतीय पुरातत्त्व खातं आणि नागपूर विद्यापीठ यांनी उत्खनन केलं, तेव्हा मातीखालून मोठा बौद्ध स्तूप निघाला. ज्या टेकडीला लोक जगन्नाथाच्या नावानं ओळखत होते, तिच्या पोटात बुद्धाचं स्मारक. तिथून जवळच रुयाड-सिंदपुरीला अलीकडच्या काळात जपानी बौद्धांच्या साहाय्यानं महासमाधीभूमीचा महास्तूप उभा राहिला. महाराज जपानला गेले होते, आता जपान पवनी तालुक्यात येऊन बसलं आहे.

दुसरी अडचण टोपीची. सेवकाची भगवी टोपी आणि ‘गुरुदेव’ हा शब्द महाराजांना सर्वव्यापी अर्थानं अभिप्रेत होता. पण रंगाला आणि शब्दाला आपापली जात असते. मुसलमान शेजारी सणासुदीला, पुण्यतिथीला येतो, मानानं पुढे बसतो. रोजच्या रांगेत तो क्वचितच असतो. स्वतः महाराज १९५६ साली स्थापन झालेल्या भारत साधू समाजाचे अध्यक्ष होते आणि १९६४ मध्ये विश्व हिंदू परिषदेच्या स्थापनेच्या बैठकीलाही होते. त्यांचे भक्त हे कधी अभिमानानं सांगतात, कधी टाळतात. मला वाटतं, सांगावं. ते सर्वांचे होते, पण ते ज्या घरात वाढले त्या घराचेही होते. कोरं कापड मांडणारा माणूस स्वतः कोरा असावाच लागतो, असं थोडंच आहे.

एवढं असूनही ही संस्था टिकली, आणि ज्या परिषदांशी मी तिची तुलना केली त्यांतल्या बऱ्याच ठरावांच्या कागदांत राहिल्या. कारण अगदी बारीक आहे. परिषद दोन-तीन वर्षांनी भरते, प्रार्थना रोज. तिला भाडं लागत नाही, पाहुणा लागत नाही. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गेले. त्यांच्यानंतर गादीवरून भांडायला गादीच नव्हती, निदान आसनावर तरी नव्हती. दरवर्षी अश्विन वद्य पंचमीला मोझरीत दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखोंचा जमाव मौन पाळतो आणि मग निरनिराळ्या धर्मांच्या प्रार्थना होतात. जिल्ह्यातून गाड्या भरून माणसं जातात. इथल्या पोरांच्या पदवीवरही महाराजांचं नाव आहे, कारण २००५ पासून नागपूर विद्यापीठ त्यांच्या नावानं ओळखलं जातं आणि भंडाऱ्याची कॉलेजं त्याच विद्यापीठात येतात.

एक गोष्ट मात्र खटकते. अलीकडे बऱ्याच गावांत आसनावर महाराजांचीच तसबीर ठेवतात. हार घालतात, अगरबत्ती लावतात, नारळ फुटतो. भक्तीनंच करतात, त्यात खोट नाही. पण ज्या जागेवर कुणालाही कुणीही दिसू शकत होतं, तिथे आता एकच चेहरा दिसतो, आणि ज्याला तो चेहरा आपला वाटत नाही तो सतरंजीच्या कडेलाच थांबतो.

गुरुदेव मंडळाच्या दादा-भाऊंना, मायबहिणींना एवढीच विनंती. महाराजांची तसबीर मागच्या भिंतीवर टांगा, हवा तेवढा मोठा हार घाला. आसन तेवढं रिकामं ठेवा.