युजरला विचारलंत का?

थर्ड इयरला सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग हा विषय ज्यांनी काढलाय, त्यांना एस.आर.एस. हा शब्द झोपेतही आठवेल. प्रोग्रॅमची एक ओळ लिहिण्याआधी तो वापरणाऱ्या माणसासमोर बसायचं, त्याचं काम समजून घ्यायचं आणि त्याला नेमकं काय हवंय ते कागदावर उतरवायचं. (बहुतेकांचा एस.आर.एस. सिनियरच्या फाईलमधूनच उतरतो, तो भाग वेगळा!) सिव्हिलवाले साईट न बघता पाया आखत नाहीत आणि मेकॅनिकलवाले लोड माहीत नसताना शाफ्टचा व्यास ठरवत नाहीत. पण एक क्षेत्र असं आहे की जिथे वर्षानुवर्षं युजरला न विचारताच डिझाईन चाललंय. ते म्हणजे तरुणांच्या मानसिक आरोग्यासाठी आखल्या जाणाऱ्या योजना. आणि तिथले युजर म्हणजे तुम्ही-आम्ही.

विषय जड आहे, मान्य. तरी पान उलटू नका.

आधी थोडे आकडे. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असं दिसलं, की आयुष्यात कधी ना कधी मानसिक आजार होणाऱ्यांपैकी निम्म्या जणांत त्याची सुरुवात चौदाव्या वर्षापर्यंत, तर तीन चतुर्थांश जणांत चोविसाव्या वर्षापर्यंत झालेली असते. म्हणजे दहावी, बारावी, सी.ई.टी., इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि प्लेसमेंट हा अख्खा पट्टा त्यात आला. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थी आत्महत्येने गेले. त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. या प्रत्येकामागे एकच एक कारण शोधणं चूक आहे, परीक्षेतलं अपयश हे तर बऱ्याचदा फक्त वरवर दिसणारं कारण असतं. आणि उपचारांचं काय? बंगळुरूच्या 'निम्हान्स'ने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत वेगवेगळ्या मानसिक आजारांच्या बाबतीत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नसल्याचं दिसलं होतं.

डॉक्टर कमी आहेत हे त्याचं एक कारण आहेच. पण जिथे सोय आहे तिथेही पोरं जात नाहीत, त्याचं काय? यावर ठरलेलं उत्तर तयार असतं, "मुलांमध्ये अवेअरनेस नाही." मग अवेअरनेस वाढवण्यासाठी एक व्याख्यान, एक पोस्टर स्पर्धा आणि चहा-बिस्किटं.

माझ्या एका मित्राच्या कॉलेजची (नाव राहू दे) गोष्ट ऐका. तिथे समुपदेशन कक्ष झोकात सुरू झाला. फीत कापली, दीप लावला, फोटो काढले. कक्षाची वेळ मंगळवार-गुरुवार अकरा ते एक, म्हणजे ऐन प्रॅक्टिकलची. जागा कुठे, तर ऑफिसात, फी भरायच्या खिडकीच्या बरोब्बर समोर. आणि दारातल्या टेबलावर रजिस्टर: नाव, रोल नंबर, शाखा आणि शेवटचा रकाना 'येण्याचे कारण'! आता सांगा, ज्याला रात्र-रात्र झोप लागत नाही, तो पोरगा फीच्या रांगेतल्या साठ जणांसमोर त्या रकान्यात काय लिहिणार? वर्षाच्या शेवटी बोटांवर मोजण्याइतकी नावं भरली, आणि "विद्यार्थ्यांना गरज वाटत नाही" असा निष्कर्ष निघाला. त्या कक्षातल्या मॅडम चांगल्याच होत्या म्हणे. पण वेळ, जागा आणि रजिस्टर या तीन गोष्टी ठरवताना एकाही विद्यार्थ्याला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर कोणीही दोन मिनिटांत या चुका दाखवल्या असत्या.

याच्या अगदी उलट वाटेने जाणारं एक उदाहरण आपल्या शेजारीच, गोव्यात आहे. 'संगाथ' ही संस्था तिथे १९९६ पासून मानसिक आरोग्याचं काम करते. डॉ. विक्रम पटेल हे तिच्या संस्थापकांपैकी एक. सर्वसामान्य माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून समुपदेशन करवून घेता येतं, हे या मंडळींनी दाखवून दिलं. त्यांच्या 'प्राईड' नावाच्या प्रकल्पात गोवा आणि दिल्लीतल्या शाळकरी मुलांसाठी मदतीची पद्धत तयार करायची होती. तज्ज्ञांच्या हातात पुस्तकी ज्ञान होतंच, डिप्रेशनसाठी हे, अँक्झायटीसाठी ते. पण त्यांनी आधी मुलांना, पालकांना आणि शिक्षकांना विचारायला घेतलं.

मुलांच्या बोलण्यात आजारांची नावं नव्हतीच. त्यांचा शब्द होता 'टेन्शन'. अभ्यासाचं टेन्शन, घरच्या भांडणांचं, मित्रांशी फाटल्याचं, प्रेमाबिमाचं. आपण जे बोलू ते शिक्षकांच्या किंवा घरच्यांच्या कानावर तर जाणार नाही ना, ही काळजी मोठी होती. आणि नुसतं मन मोकळं करण्यापेक्षा त्या प्रॉब्लेमचं करायचं काय, हे त्यांना हवं होतं.

यातून जी पद्धत निघाली, ती आजाराच्या नावावर नव्हे तर मुलाच्या स्वतःच्या प्रॉब्लेमवर उभी होती. पायऱ्या तीन: प्रॉब्लेम ओळखा, ऑप्शन शोधा, त्यातला एक करून बघा. पुस्तिका कॉमिकच्या रूपात काढल्या आणि समोर बसणारा समुपदेशक म्हणजे प्रशिक्षण घेतलेला साधा माणूस. पुढे याच तीन पायऱ्यांवर मोबाईलवरचा 'पॉड अ‍ॅडव्हेंचर्स' हा गेम झाला, तोही किशोरवयीन मुलांना डिझाईनच्या कार्यशाळांत सोबत बसवून. 'इट्स ओके टु टॉक' ही 'संगाथ'चीच २०१७ सालची मोहीम. तिच्यात तरुणांनी आपापले अनुभव स्वतःच्या शब्दांत मांडले.

आता इंजिनिअर माणूस लगेच विचारेल, टेस्टिंग केलं का? केलं. दिल्लीतल्या सहा सरकारी शाळांमधल्या २५१ मुलांवर चाचणी झाली आणि तिचा निकाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. समुपदेशक भेटलेल्या मुलांना, नुसत्या पुस्तिका मिळालेल्या मुलांपेक्षा, स्वतः सांगितलेल्या प्रॉब्लेममध्ये जास्त उतार पडला. मात्र मानसिक त्रासाच्या लक्षणांच्या ठरीव मोजपट्टीवर दोन्ही गटांत सहा आठवड्यांनी ठोस फरक दिसला नाही. मला हा निकाल प्रामाणिक वाटतो. युजरला विचारलं म्हणजे जादू होते असं नाही. वापरली जाईल अशी वस्तू तयार होण्याची शक्यता वाढते, इतकंच. आणि न वापरल्या जाणाऱ्या वस्तूची एफिशियन्सी किती, हे काही गणित करून सांगायला नको.

परदेशातलं एकच उदाहरण देतो. ऑस्ट्रेलियात २००६ साली सरकारी पैशाने 'हेडस्पेस' सुरू झालं. (त्याच नावाचं ध्यानाचं अ‍ॅप वेगळं, गल्लत नको.) १२ ते २५ वयाच्या मुलामुलींसाठी देशभर केंद्रं, आणि त्यांच्या जोडीला तरुणांचे सल्लागार गट. एकाच दारातून आत गेल्यावर मानसिक आरोग्य, साधं दुखणंखुपणं, व्यसन, शिक्षण-नोकरीचा प्रश्न, सगळ्यासाठी मदत मिळते. मला यातली मेख फार आवडली. आत शिरणाऱ्याकडे बघून तो कशासाठी आलाय हे रस्त्यावरच्याला कळायला मार्गच नाही! आमच्या मित्राच्या कॉलेजातल्या त्या शेवटच्या रकान्याशी तुलना करून बघा.

'सहभाग' हा शब्द मात्र फसवा आहे. रॉजर हार्ट नावाच्या अभ्यासकाने १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिलेल्या पुस्तिकेत मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्यांना तो सहभाग मानतच नाही. पहिल्या पायरीवर मोठी माणसं मुलांना आपल्या कामासाठी वापरून घेतात, दुसरीवर मुलं नुसती शोभेला असतात आणि तिसरीवर नावापुरता एखादा प्रतिनिधी बसवलेला असतो. त्यापुढे माहिती देऊन काम सोपवणं, मत विचारणं, निर्णय मिळून घेणं असं करत शिडी वर जाते. आता १० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिनाला आपण काय करतो ते आठवा. रांगोळी, पथनाट्य, 'स्माईल प्लीज'चे फलक. पथनाट्य करणाऱ्यांची मेहनत खोटी नाही, पण शिडीवर हे सगळं दुसऱ्या पायरीच्या वर जात नाही, कारण त्यातून कक्षाची वेळ अर्ध्या तासानेसुद्धा सरकत नाही.

हे सगळं आत्ताच का लिहितोय? कारण सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. विशाखापट्टणममध्ये 'नीट'ची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात हा निकाल लागला. १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, कर्मचाऱ्यांना वर्षातून निदान दोनदा प्रशिक्षण द्यावं, हेल्पलाईनचे नंबर हॉस्टेलात आणि वर्गात ठळक लावावेत, असं त्यात आहे. त्याआधी मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली उच्च शिक्षणातल्या विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय कृतिदल नेमलं. त्याने विद्यार्थ्यांसाठी ऑनलाईन प्रश्नावलीही काढली. म्हणजे शिडीवर 'मत विचारणं' इथपर्यंत आपण आलो. पण तो झाला देशाचा कारभार. प्रत्येक कॉलेजात तो समुपदेशक कुठे बसणार, किती वाजता बसणार, त्याच्या फाईलला कुलूप कोणाचं, हे दिल्लीत ठरत नाही.

यावर स्टाफरूममधून येणारा आक्षेप म्हणजे "मुलांना यातलं काय कळतं?" उपचारातलं कळत नाही, हे खरंच. औषध कोणतं, कोणाला मोठ्या डॉक्टरांकडे पाठवायचं, हे तज्ज्ञांचंच काम. पण सबमिशनच्या आठवड्यात कोणत्या दिवशी माणूस तुटायला येतो, डिटेन्शन लिस्ट बोर्डावर नावानिशी लागते तेव्हा काय होतं, मेसमध्ये कोण एकटं जेवतं, हे आम्हालाच कळतं.

मला जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून बोलावणार कोणाला? जी.एस., सी.आर. आणि नऊ पॉईंटरवाले. त्यांचं म्हणणंही ऐकावं. पण डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेला, एस.टी.च्या पासवर रोज साठ किलोमीटर ये-जा करणारा, मराठी माध्यमातून येऊन पहिल्या सेममध्ये चार विषय राहिलेला, स्कॉलरशिपवरून टोमणे ऐकणारा, मुलींच्या हॉस्टेलवर सातच्या आत परतावं लागणारी, या सगळ्यांची टेन्शनं वेगवेगळी आहेत. त्यातले किमान दोघं-तिघं त्या टेबलापाशी नसतील, तर तो एस.आर.एस. पुन्हा सिनियरच्या फाईलमधूनच उतरवला जाणार.

आणि सहभाग म्हणजे विद्यार्थ्यांनाच समुपदेशक बनवणं नव्हे. बऱ्याच ठिकाणी 'स्टुडंट व्हॉलंटियर' म्हणून सेकंड इयरच्या पोराच्या हातात रात्री दोनचे फोन येतात, आणि त्याने ते कोणाकडे सोपवायचे हे कोणी सांगितलेलंच नसतं. ऐकून घेणं त्याला जमेल, पण जिवाला धोका आहे असं वाटलं तर ते गुपित ठेवायचं नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी माहीत हवं. सरकारची 'टेलिमानस' ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे. नंबर १४४१६, आणि मराठीतही बोलता येतं. कोणाला गरज वाटली तर आजच लावा, कमिटी बसायची वाट बघायची गरज नाही.

बाकी आपल्या कॉलेजपुरतं बोलायचं तर मागणी फार मोठी नाही. कक्ष साडेपाचनंतरही उघडा असावा. त्याचं दार लायब्ररीच्या बाजूने असावं. भेटीची वेळ रोल नंबर न लिहिता मिळावी. फाईल प्राचार्यांनाही बघता येणार नाही हे छापील स्वरूपात मिळावं. आणि विद्यार्थ्यांची एखादी सूचना नाकारली, तर का नाकारली याची दोन ओळी नोटीस बोर्डावर लागावी. टाईमटेबल जुलैत बनतं, कक्षाची वेळही त्याच आठवड्यात ठरते. त्या मीटिंगला खुर्च्या किती लागतात, हे आत्ताच ऑफिसात जाऊन विचारायला हवं.