पाऊल कुठून वाजलं? मुलांसाठी गेमचा हेडफोन घेताना



“आई, मला गेमिंगचा हेडफोन पाहिजे. साध्या हेडफोनमध्ये शत्रू कुठून येतोय ते कळत नाही.” हे वाक्य हल्ली पुष्कळ घरांत ऐकू येतं. आपल्याला वाटतं, कानालाच तर लावायचं, त्यात साधं काय आणि गेमिंगचं काय? पण मुलांचं म्हणणं अगदीच खोटं नसतं, आणि दुकानदाराचं सगळंच खरं नसतं. या दोन्हींच्या मधलं काय ते आज समजून घेऊ. पैसेही वाचतील आणि मुलांचे कानही.

आधी एक गंमत करून बघा. डोळे मिटून बसा आणि घरातल्या कुणाला तरी खोलीत कुठेही उभं राहून टाळी वाजवायला सांगा. टाळी उजवीकडे वाजली की डावीकडे, हे तुम्ही न चुकता सांगाल. कसं बरं? उजवीकडचा आवाज आधी उजव्या कानाला पोचतो, मग डाव्या. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, पण मेंदू तेवढ्यावरून दिशा ओळखतो. शिवाय मध्ये आपलं डोकं असतं, त्यामुळे पलीकडच्या कानाला आवाज थोडा हळू ऐकू येतो. पुढचा आवाज की मागचा, वरचा की खालचा, हे मात्र कानाच्या पाळीवरून कळतं. पाळीच्या वळणांवर आपटून आवाजाचा पोत किंचित बदलतो, आणि तो बदल मेंदूने लहानपणापासून पाठ केलेला असतो.

गेममध्ये हीच नक्कल केलेली असते. बीजीएमआयसारख्या खेळात कुणी डावीकडून धावत आला, तर त्याच्या पावलांचा आवाज डाव्या कानात मोठा दिला जातो. म्हणजे दिशा तयार करतो तो गेम. हेडफोनचं काम एवढंच, की दोन्ही कानांना जे पाठवलंय ते न बिघडवता पोचवायचं.

हे लक्षात आलं की खरेदी सोपी होते. दिशेसाठी पहिली गरज म्हणजे डावी-उजवी बाजू सारखी वाजली पाहिजे. एक बाजू जरा जरी हळू असेल, तर सगळे आवाज एकाच बाजूला सरकतात. दुसरी गोष्ट, धमधम करणारा बेस फार नको. बंदुकीचा धडाका छान वाटतो, पण त्याखाली पावलांचा बारीक आवाज दबून जातो. हे दोन्ही गुण साध्या, तार असलेल्या चांगल्या हेडफोनमध्ये असू शकतात. कानात बसणाऱ्या इअरफोनमध्येसुद्धा असू शकतात. लाल-निळ्या दिव्यांचा आणि दिशेचा काही संबंध नाही.

आता खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं ‘७.१ सराउंड’. ऐकून वाटतं, आत आठ स्पीकर असतील. बहुतेक हेडफोनमध्ये प्रत्येक कानाला एकच स्पीकर असतो आणि बाकीचा आभास सॉफ्टवेअर तयार करतं. असं सॉफ्टवेअर विंडोजच्या कॉम्प्युटरमध्ये ‘विंडोज सॉनिक’ या नावाने फुकट मिळतं. प्लेस्टेशन ५ मध्येही ही सोय यंत्रातच आहे, आणि ती साध्या हेडफोनवरही चालते. काही खेळांच्या सेटिंगमध्येही ती असते. म्हणून केवळ ‘७.१’ साठी जास्तीचे पैसे मोजू नका. अशी सोय एका वेळी एकाच ठिकाणी चालू ठेवायला मुलांना सांगा. गेममध्येही चालू आणि हेडफोनमध्येही चालू असेल, तर दोन्हींचा गोंधळ होऊन दिशा उलट बिघडते.

बिनतारी घ्यावा का? साध्या ब्लूटूथमध्ये आवाज थोडा उशिरा पोचतो. गाणी ऐकताना ते जाणवत नाही. खेळात मात्र शत्रू समोर येऊन उभा राहतो आणि पाऊल नंतर वाजतं. म्हणून तारेचा बरा, आणि तो स्वस्तही पडतो. बिनतारीच हवा असेल, तर ज्याच्यासोबत यूएसबीला लावायची छोटी कळ येते, तो बघा. त्यात उशीर फार कमी असतो. घेण्याआधी आपल्या फोनला गोल पिनचं भोक आहे का तेही बघा, कारण हल्लीच्या बऱ्याच फोनना ते नसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पावलांचा आवाज बारीक असतो आणि घरात पंखा, मिक्सर, टीव्ही चालू असतो. पाऊल ऐकू यावं म्हणून मूल आवाज वाढवतं, आणि त्याच वाढवलेल्या आवाजात बंदूक वाजते, बॉम्ब फुटतो. कानाला इजा होते ती इथे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे मोठ्या माणसांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकला तर चालतो. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. ९० डेसिबलला मोठ्यांसाठीही आठवड्याचे जेमतेम ४ तास उरतात. कानाच्या आतल्या बारीक पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत.

म्हणून कान पूर्ण झाकणारा, मागून बंद वाटीचा हेडफोन घ्या. बाहेरचा गोंगाट कमी आत येतो, त्यामुळे हळू आवाजातही पाऊल ऐकू येतं. मागून जाळी असलेल्या उघड्या हेडफोनचा आवाज मोकळा वाटतो, पण तो शांत खोलीसाठी. वाट्या मऊ आणि वजनाला हलक्या असाव्यात. मुलाला चष्मा असेल, तर चष्म्यासकट दहा मिनिटं घालून बघू द्या.

दुकानात घेताना स्वतःच्या फोनवर गेम लावून बघा. सरावाच्या मैदानात मुलाला डोळे मिटायला सांगा, दुसऱ्याने पात्र फिरवावं, आणि आवाज कुठून आला ते मुलाने बोटाने दाखवावं. पक्कं बिल घ्या. वस्तू सदोष निघाली आणि दुकानदार दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

नवा घेण्याआधी मात्र फोनची सेटिंग उघडा. सुलभतेच्या, म्हणजे ॲक्सेसिबिलिटीच्या भागात ‘मोनो ऑडिओ’ असतं. ते चालू राहिलं असेल, तर दोन्ही कानांना एकच आवाज जातो आणि कितीही महागाचा हेडफोन आणला तरी दिशा कळणार नाही. तिथेच डाव्या-उजव्या आवाजाची पट्टी असते, ती मधोमध आहे का बघा.

एवढं करूनही मुलाला दिशा सांगता येत नसेल, तर हेडफोन उलटा घालायला द्या, म्हणजे डावी बाजू उजव्या कानावर. कमी ऐकू येणारी बाजू बदलली, तर दोष हेडफोनचा. पण हेडफोन उलटा करूनही त्याच कानाला कमी ऐकू येत असेल, तर तो दोष कानाचा असू शकतो. कधी नुसता मळ असतो, कधी दुसरं काही. घरी तेल किंवा काडी घालू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. खेळून झाल्यावर कानात शिट्टीसारखा आवाज येत असेल, तरीही दाखवा. एका कानाने कमी ऐकणारं मूल वर्गात आणि घरात सहज निभावून नेतं, म्हणून आपल्या लक्षातही येत नाही. तेव्हा पुढच्या वेळी “साध्यात कळत नाही” असं मूल म्हणालं, तर तो हट्टच आहे असं धरून चालू नका. आधी सेटिंग बघा, मग हेडफोन बघा, आणि गरज पडली तर कान तपासून घ्या.