‘सेवेशी संबंध नाही’ या शेऱ्यापुढे

कोल्हापुरातल्या शाहूपुरीची ख्याती गुळाच्या पेठेची. पण एसटी स्टँड आणि रेल्वे स्टेशन जवळच असल्याने शिरोळ, कागल, चंदगडकडच्या फौजी घरांची ये-जाही याच भागातून चालते. सैनिक टाकळीसारखं गाव असलेल्या या जिल्ह्यात पेन्शन हा घरोघरचा विषय. तरीही निवृत्तीच्या वेळचा मेडिकल बोर्डाचा कागद फारच थोडे जण नीट वाचतात.

लढाईतली जखम दिसते. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. त्यांची जखम युद्धातली, हे कुणाला सिद्ध करावं लागत नाही. खरा वाद होतो तो फिट्स, रक्तदाब, मधुमेह, मनाचे आजार यांवरून. ‘आजार सेवेमुळे झालेला नाही, सेवेत वाढलेलाही नाही’ असा शेरा बोर्डाने मारला की डिसेबिलिटी पेन्शन नाकारली जाते.

या शेऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी धरमवीर सिंग खटल्यात उत्तर दिलं. धरमवीर १९८५ला भरती झाले आणि फिट्समुळे १९९४ला घरी पाठवले गेले. न्यायालयाचं म्हणणं सरळ होतं: भरतीच्या तपासणीत आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेतच जडला असं धरायचं. तसं नाही म्हणायचं असेल तर बोर्डाने कारणं लिहावीत. पुराव्याचं ओझं सैनिकावर नाही आणि संशयाचा फायदा त्यालाच. माझ्या मते प्रत्येक माजी सैनिकाला या निकालाची माहिती हवी.

सर्वोच्च न्यायालयाच्याच डिसेंबर २०१४च्या राम अवतार निकालाने अपंगत्वाच्या टक्केवारीचा प्रश्नही सुटला. मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही वाढीव टक्का मिळू लागला. तीस टक्के अपंगत्व पन्नास धरलं जातं.

वाट मात्र लांबची आहे. पहिलं अपील, दुसरं अपील, मग २००७च्या कायद्याने स्थापन झालेलं सशस्त्र दल न्यायाधिकरण. तिथे अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत जायचं. उशीर झाला म्हणून सगळंच बुडत नाही. तरसेम सिंग खटल्यात (२००८) सैनिक सोळा वर्षांनी न्यायालयात गेला. पेन्शनचा हक्क राहिला, थकबाकी मात्र तीन वर्षांपुरतीच मिळाली. न विचारता गप्प बसण्याची किंमत ही अशी मोजावी लागते.

२१ सप्टेंबर २०२३पासून डिसेबिलिटी पेन्शनचे नवे नियम आले. ते त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांसाठी आहेत, म्हणून जुन्यांनी त्यांना घाबरून दावा सोडू नये. सैनिकाला सिद्ध करायला न लावताही हे करता येतं: अमेरिकेने २०२२च्या कायद्याने लष्करी तळांवरच्या जळत्या कचऱ्याच्या धुराशी जोडलेले कित्येक आजार सेवेमुळेच झाले असं मानलं. आपल्याकडे निकाल हाती असूनही एकेक हवालदार स्वतंत्रपणे तेच भांडण भांडतो. हा अन्याय आहे. ठरलेल्या तत्त्वाचा लाभ सरकारने अर्ज न मागता द्यायला हवा.

तोवर भरतीची वैद्यकीय नोंद, उंचावरच्या पोस्टिंगचे तपशील, लष्करी रुग्णालयाचे डिस्चार्ज कागद आणि बोर्डाच्या संपूर्ण अहवालाची प्रत मिळवून ठेवावी. मिळत नसेल तर माहिती अधिकारात मागावी. १८ ऑगस्ट २०२५पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलं. सैनिकाच्या दाव्याला मात्र अजून न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ गाठावं लागतं. त्या खंडपीठाची फिरती बैठकही कोल्हापुरात भरावी, ही मागणी इथल्या माजी सैनिकांच्या संघटनांनी आता लावून धरावी.