गच्चीच्या पोटातले पाणी

पावसाळा संपून दोन महिने होतात, तरी शेवटच्या मजल्यावरच्या घरात छताची ओल वाढतच राहते. कोंढवा असो की कॅम्प, पुण्यातल्या अनेक इमारतींची ही तक्रार आहे. पाऊस नाही, मग पाणी येते कुठून?

ते गच्चीच्या पोटातच साठलेले असते. स्लॅबवर विटांचे तुकडे सिमेंटच्या मालात बसवून कोबा करतात. त्याने उतार मिळतो, उन्हाचा तापही कमी होतो. पण कोब्याला तडे गेले की पाणी आत शिरते आणि वीट ते धरून ठेवते. मग फट सापडेल तिथून ते उतरते. म्हणूनच तडा टाकीजवळ आणि डाग बेडरूममध्ये, असे घडते.

अशा ओल्या कोब्यावर घाईने वॉटरप्रूफिंगचा लेप मारणे म्हणजे ओल आत कोंडणे. उन्हाळ्यात आतल्या पाण्याची वाफ होऊन लेपाला फुगे येतात. खाली सळया गंजतात, गंजून फुगतात आणि काँक्रीटचे ढलपे पडू लागतात. खाली मुले झोपत असतील, तर हा नुसता रंगाचा प्रश्न उरत नाही.

आधी तपासणी करू या. हातोडीने हलके ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर तिथला कोबा सुटलेला आहे. जाड प्लास्टिकचा चौकोन चारही कडांनी चिकटवून 16 तास ठेवावा. खालच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले, तर ओल अजून आहे.

सुटलेला कोबा स्लॅबपर्यंत काढावा आणि स्लॅब उन्हात पूर्ण सुकू द्यावा. त्यासाठी नोव्हेंबर ते मे हाच काळ. सळया उघड्या पडल्या असतील, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावे. नव्या कोब्याला 100 फुटांमागे किमान 1 फूट उतार आणि कठड्याशी गोलाई हवी. दोन-तीन दिवस पाणी साठवून चाचणी घ्यावी, पुन्हा सुकवावे आणि शेवटी लेप द्यावा.

खर्च कोणाचा? गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून होणारी गळती दुरुस्त करणे सोसायटीचे काम आहे. तेव्हा अर्ज लेखी द्यावा. ‘आमच्याकडे गळत नाही’ म्हणणाऱ्या खालच्या मजल्यांनीही शेजाऱ्याचा हक्क आठवावा. स्लॅब शेवटी सगळ्या इमारतीचा आहे.